तळाची ओळ

माझ्या लहानपणी आमच्या घराला 'बाटलीवाल्यांचं घर' म्हणत, आणि माझ्या वडिलांनी जन्मात दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं.

रिकाम्या बाटल्या मात्र आमच्याकडे पोत्यांनी यायच्या. आई शेजारीपाजारी, दवाखान्यात, खाणावळीच्या मागच्या दाराशी जाऊन त्या मागून आणायची. बाटल्या देताना बायका तिच्याकडे अशा दयेने बघत की तिला हसू आवरणं कठीण जायचं. एकदा कोपऱ्यावरच्या शिंपिणीने तिचा हात धरून हळूच विचारलं, "खूप घेतात का हो?"

"घेतात कसल्या, समुद्रात टाकतात," आई म्हणाली.

"अगं बाई," शिंपीण म्हणाली, "मग तर अगदीच हाताबाहेर गेलं."

ही गोष्ट आई कितीतरी वर्षं रंगवून सांगायची. नंतर तिने ती सांगणं बंद केलं. का बंद केलं, तेच लिहायला बसले आहे.

बाबा समुद्रातल्या प्रवाहांचे नकाशे करायचे. बंदराच्या टोकाला दोन खोल्यांचं एक संशोधन केंद्र होतं. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाऱ्याची दिशा दाखवणारं घड्याळासारखं यंत्र, आणि बाबा. शिवाय एक हमाल, जो आठवड्यातून दोनदा उगवायचा. वारा सुटला की समुद्राचं वरचं पाणी कुठे जातं, हे बाबांना शोधायचं होतं. आज आकाशातून बघून सांगतात म्हणे. तेव्हा बाटल्या होत्या.

बाटलीत एक कार्ड असायचं. ज्याला सापडेल त्याने जागा आणि तारीख लिहून टपालात टाकावं, एवढंच त्यावर छापलेलं. कार्डाच्या आधी वाळू. मग बूच, आणि बुचावर मेण. मेण ओतायचं काम माझं होतं, त्यामुळे त्या वयात माझ्या बोटांना कायम मेणाची सालं असायची. वाळू भरायचं काम आईचं. बाबांनी एका पारदर्शक बाटलीवर पांढऱ्या रंगाने रेघ मारून दिली होती आणि तिच्या मापाने सगळ्या भरायच्या. बाकी सगळ्या औषधाच्या तपकिरी बाटल्या. आत किती वाळू आहे ते बाहेरून काही कळायचं नाही. म्हणून बाबा प्रत्येक पेटीतल्या वरच्या ओळीतून एक-दोन बाटल्या उचलून अंगणातल्या पाण्याच्या पिंपात सोडून बघायचे.

"नुसती मान दिसली पाहिजे," ते म्हणायचे. "खांदे दिसले की बाटली नापास."

मी विचारलं होतं, खांदे दिसले तर काय बिघडतं? बाबांना असा प्रश्न विचारला की त्यांचा सगळा दिवस गोड व्हायचा. ते मला गच्चीवर घेऊन गेले. दोरीवर त्यांचा पायजमा वाळत होता आणि वाऱ्याने फुगून जणू आत कुणी माणूस असल्यासारखा लाथा झाडत होता.

"हा बघ, हा वाऱ्याचा गुलाम. वारा नेईल तिकडे जाणार. बाटली पाण्याच्या वर जितकी जास्त, तितकी ती या पायजम्यासारखी. मला पायजमा नको आहे. मला पाणी कुठे जातं ते हवं आहे."

"पण पाण्याला वाराच ढकलतो ना?"

"ढकलतो. पण पाणी निमूट ऐकत नाही." मग खाली येऊन त्यांनी ग्रामोफोनची जुनी तबकडी फिरवली, मला खडू दिला आणि फिरत्या तबकडीवर सरळ रेघ ओढायला सांगितली. मी अगदी सरळ ओढली. तबकडी थांबली तेव्हा रेघ वाकडी झालेली होती. "पृथ्वी अशी फिरते आहे. वारा पाण्याला सरळ ढकलतो, पण पृथ्वीच्या आपल्या, उत्तरेकडच्या अर्ध्या भागात पाणी जाता जाता उजवीकडे झुकतं. वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा आणि उजवा हात पुढे तिरका धर. पाणी तिकडे चाललं असं समज."

आई दारात बटाटे सोलत उभी होती. "म्हणजे अगदी तुमच्यासारखं," ती म्हणाली. "बाजारात पाठवावं, तर वाटेत केंद्राकडे वळणार."

आमच्या गावाचा किनारा दक्षिणोत्तर पसरलेला. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला जमीन. उत्तरेला एक डोंगर समुद्रात घुसलेला, त्याला सगळे नुसतं 'टोक' म्हणत. टोकाच्या अलीकडे किनारा आत वळलेला होता आणि त्या वळणात खालचा किनारा ही वस्ती. जाळी विणणारे, होड्या रंगवणारे, धक्क्यावर ओझी वाहणारे लोक तिथे राहायचे. वर्षातले काही महिने दक्षिणेकडून उत्तरेकडे असा वारा सुटायचा की दारं बांधून ठेवावी लागत. बाबांना त्याच दिवसांतलं पाणी मोजायचं होतं.

त्या वर्षी त्यांनी खूप बाटल्या सोडल्या. पोटात माझा धाकटा भाऊ असल्यामुळे आई सावकाश चालायची, एवढं मला आठवतं. महिन्याभरात कार्डं यायला लागली, तीही टोकाच्या पलीकडून, उत्तरेच्या लांबलांबच्या गावांतून. पोस्टमन दारात दिसला की बाबा अनवाणी धावायचे. बाटल्या वाऱ्याबरोबर सरळ गेल्या होत्या. उजवीकडे वळल्याच नव्हत्या.

"पुस्तकं म्हणतात वळायला पाहिजे," बाबा जेवताना म्हणाले. "आपलं पाणी नाही वळत. या टोकामुळे असेल, तळाच्या चढामुळे असेल. पण नाही वळत! हे कुणालाच माहीत नव्हतं."

आई ताटं उचलायला उठली, असं मला आता वाटतं. तेव्हा कोण लक्ष देतं?

त्या नकाशाने बाबांचं नाव झालं. किनाऱ्याला समांतर, टोकाला वळसा घालून उत्तरेला जाणारा जाड लाल बाण. नगरपालिकेच्या सभागृहात तो काचेत लावला. बाबा त्याला 'माझा बाण' म्हणायचे, जसं दुसरा कुणी 'माझा मुलगा' म्हणेल. पुढे गावाची घाण समुद्रात सोडायची नळी घालायची ठरली, तेव्हा इंजिनियर लोकांनी तो बाण बघितला आणि नळीचं तोंड खालच्या किनाऱ्यासमोर, थोडं आत समुद्रात ठेवलं. पाणी सगळं उत्तरेला घेऊन जाणार, मग लांब नळी घालून खर्च कशाला वाढवायचा?

मी मोठी झाले, नर्स झाले. नवरा जहाजावर. तो घरी येऊन जाऊन, त्यामुळे मी माहेरीच राहायचे. बाबा निवृत्त झाले होते, केंद्राला कुलूप लागलं होतं. भाऊ शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. मला काम मिळालं ते खालच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात. तिथली डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ, हाताने हलकी. आमच्याकडे सर्वांत जास्त येत ते कान. मुलांचे फुटलेले, वाहणारे कान. त्याखालोखाल अंगावर पुरळ आणि पोटं बिघडलेली.

एका संध्याकाळी जेवताना मी कातावून बोलले, "आज पुन्हा रांग. मी कापसाचे बोळे करू करू थकले. त्या जाळेवालीची मुलगी आता हाक मारली तर वळून बघत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्ही कान गेलेच. समुद्रात घाण आहे म्हणून सांगायला लोक पालिकेत गेले, तर तिथला साहेब काचेतल्या नकाशावर बोट ठेवून म्हणतो, घाण तुमच्याकडे येऊच शकत नाही."

"नाल्यातून येत असेल," बाबा म्हणाले. "समुद्रातून नाही येणार."

आईने हातातला घास ताटात परत ठेवला.

"वारा सुटला की जास्त येतात का गं?" तिने विचारलं.

"कोण?"

"मुलं. दवाखान्यात."

मी जरा आठवून बघितलं. "हो गं. दक्षिणेचा वारा असला की चार-पाच दिवसांनी रांग लागते. तुला कसं माहीत?"

ती ताट घेऊन उठली. भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात आली. ती आजवर तिथे कधी आली नव्हती. माझी सुट्टी होईपर्यंत बाकावर, कानात कापूस घातलेल्या पोरांच्या मधोमध बसून राहिली. मग म्हणाली, "चल, समुद्रावर जाऊ."

वारा जोराचा होता. तिने चपला काढल्या, पाण्याच्या कडेला गेली, वाऱ्याकडे पाठ केली आणि उजवा हात तिरका पुढे धरला. पदर फडफडत होता. मला वाटलं हिला भोवळ येते आहे. मी धावत गेले. तिचा हात तसाच होता आणि तो सरळ घरांकडे जात होता, दोऱ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांकडे, पाण्यात उड्या मारणाऱ्या पोरांकडे.

"पाणी वळतं," ती म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय तसंच वळतं. बाटल्या वळल्या नाहीत."

उलथ्या घातलेल्या एका होडीवर बसून तिने मला सगळं सांगितलं. माझ्या आणि भावाच्या मधे एक मूल होतं, पाचव्या महिन्यात गेलेलं. ते वाळूची पोती आणि पेट्या उचलल्यामुळे गेलं, असं ती स्वतःशी धरून बसली होती. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, पण तिच्या डोक्यातून ते जात नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले आणि नेमक्या त्याच वाऱ्याच्या दिवसांत बाबांनी बाटल्यांचा सपाटा लावला. हमाल गावी गेलेला, परत आलाच नाही. घरापासून धक्क्यापर्यंत त्या पायऱ्या. एक पेटी, दुसरी पेटी.

"मी वाळू कमी केली," आई म्हणाली. "अर्धीही नाही, बुडापुरती. पेटी निम्म्याने हलकी झाली. मला वाटलं, बाटली तरंगली म्हणजे झालं. उलट हलकी असली तर लांब जाईल, यांना आनंद होईल."

"पण बाबा तपासायचे ना पिंपात?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "वरची ओळ तपासायचे. वरच्या ओळीत मी पूर्ण भरायची."

चुकून कमी भरली असती तर गोष्ट वेगळी होती. वरची ओळ पूर्ण भरली, म्हणजे फसवायचं हे ठरवूनच झालं होतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"त्या जाळेवालीच्या मुलीचं नाव काय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं.

त्याच सुमाराला घरी पालिकेचे इंजिनियर आले. पाण्याने भिजलेल्या मांजरासारख्या मिशा, काखेत गुंडाळलेला आराखडा. गाव वाढलं होतं, जुनी नळी पुरत नव्हती. आता तिप्पट मोठी नळी त्याच रेषेत, त्याच जागी तोंड ठेवून घालायची होती. लोकांची ओरड होती म्हणून सभा बोलावली होती. "तुम्ही फक्त या आणि दोन शब्द बोला," ते बाबांना म्हणाले. "तुमचा बाण, तुमच्याच तोंडून. लोक तुम्हाला मानतात, काका."

बाबांचा चेहरा असा उजळला की बघवेना. निवृत्तीनंतर त्यांना कुणी बोलावणं पाठवलं नव्हतं. त्यांनी कोट बाहेर काढला, उन्हात टाकला, मला बटण लावायला सांगितलं. सभेला आठवडा होता.

त्या आठवड्यात आई काय भोगत होती ते मी बघितलं. ती बाबांच्या खोलीच्या दाराशी जायची.

"अहो."

"काय गं?"

"चहा ठेवू?"

बाबा त्या आठवड्यात इतका चहा प्यायले की शेवटी वैतागून म्हणाले, "अगं, मला बोलायला जायचं आहे, पोहायला नाही."

मला ती म्हणाली, "तू सांग ना त्यांना."

"मी नाही सांगणार. तुझं तू सांग."

"ते माझ्याशी बोलायचे थांबतील."

"थांबले तर थांबले."

"तुला काय जातं म्हणायला," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि तुझ्या भावाला यातलं काही कळता कामा नये. त्याला वाटेल, आपल्यापायी झालं."

एक मात्र तिने रोज केलं. दुपारी दवाखान्यात येऊन माझ्याशेजारी बसायची आणि कापसाचे बोळे वळायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आई फार प्रेमळ आहेत हो." आईची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

सभेच्या दिवशी सकाळी बाबा पलंगावर बसून बूट घालत होते. एक पाय बुटात, दुसरा अजून मोज्यात. आई आत गेली. मी बाहेर इस्त्री करत होते. दार उघडं होतं.

"अहो."

"चहा नको."

"त्या वर्षीच्या बाटल्यांत वाळू कमी होती."

बाबांनी नाडी ओढली. "कुठल्या वर्षीच्या?"

"बाणाच्या."

"कमी म्हणजे किती?"

"बुडापुरती."

"शक्य नाही. मी पिंपात सोडून बघितल्या होत्या."

"तुम्ही वरच्या ओळीतल्या बघता, हे मला माहीत होतं," आई म्हणाली.

मी इस्त्री उभी केली. मी बाबांच्या ओरडण्याची वाट बघत होते. बाबा ओरडणारे नव्हते, पण त्या दिवशी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भलतंच विचारलं.

"हमाल कुठे होता?"

"गावी गेला होता. त्या वर्षी परत आलाच नाही."

"मग पेट्या धक्क्यावर कोण न्यायचं?"

"मी."

"तू? तुला तर तेव्हा..."

"सहावा लागला होता. आधीचं तसं गेलं होतं ना. भीती वाटायची."

मी दारात गेले. बाबा एका पायात बूट घालून बसले होते आणि दुसरा बूट हातात होता.

"मी सकाळी जायचो तेव्हा पेट्या धक्क्यावर असायच्या," ते म्हणाले. आईला नव्हे, त्या बुटालाच सांगावं तसे. "त्या तिथे येतात कशा, हे मी कधी विचारलंच नाही. समुद्रातली बाटली कुठून कुठे गेली ते विचारत बसलो."

आईला रडू फुटलं. तिला हे नको होतं. बोलणी खायची तिची तयारी होती.

सभागृह भरलेलं होतं. खालच्या किनाऱ्याचे लोक भिंतीला टेकून उभे, कारण खुर्च्या दुसऱ्यांनी धरल्या होत्या. इंजिनियरांनी बाबांची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. बाबा काचेतल्या नकाशापाशी गेले.

"हा बाण चुकीचा आहे," ते म्हणाले.

इंजिनियर हसले. "काका, नम्रपणा पुरे."

"नम्रपणा नाही. बाटल्यांत वाळू कमी होती, त्या हलक्या होऊन खांदे वर काढून तरंगल्या. वाऱ्याने त्यांना सरळ नेलं. मी त्यांना पाण्याचं विचारलं होतं, त्यांनी वाऱ्याचं सांगितलं. पाणी इथे उजवीकडे वळतं. म्हणजे या लोकांच्या दारात जातं."

भिंतीजवळ गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "हे आम्ही फुकट सांगत होतो की!" इंजिनियरांचा चेहरा पडला, पण ते सावरले आणि मऊ आवाजात म्हणाले, "काका, वय झालं की अशा शंका खातात. वाळू कमी होती हे तुम्हाला आज कसं आठवलं? कुणी कमी भरली होती?"

माझ्या शेजारी आई उभी राहिली. तिने तोंड उघडलं. बाबांनी लांबूनच तिच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज फुटायच्या आत म्हणाले, "तपासायचं काम माझं होतं. मी वरची ओळ तपासली, तळाची तपासली नाही. चूक माझी."

आई मटकन खाली बसली.

घरात शिरल्यावर ती असं बोलली की मी तिला तसं आयुष्यात ऐकलं नव्हतं. "माझी चूक तुम्ही का घेतलीत? कुणी सांगितलं होतं? पेट्या मी उचलल्या, मुलं मी वाढवली, सगळं मी केलं. एवढी एक गोष्ट तरी माझी राहू द्यायची होती."

"अगं, पण..."

"आता मी कुणाच्या पाया पडू? लोक तुम्हाला शिव्या देतील आणि मी घरात बसून कापूस वळू?"

बाबांनी कोट काढून खुंटीला लावला. तो खाली पडला, तरी उचलला नाही.

सभेने ठरवलं ते एवढंच: पुरावा द्या. वाऱ्याचे दिवस संपायच्या आत नळीच्या तोंडाशी पुन्हा बाटल्या सोडा, मग बघू. म्हणजे आमचं घर पुन्हा बाटलीवाल्यांचं झालं. कोपऱ्यावरची शिंपीण आता थकली होती; ती बाटल्यांची पिशवी देताना म्हणाली, "मेली ही सवय, म्हातारपणीही सुटत नाही." आई हसली नाही.

वाळू बाबांनी आणली. लहान बादलीने, पायऱ्या चढून, प्रत्येक पायरीवर थांबत. मी म्हटलं, बाबा, एखादा माणूस लावू या. ते म्हणाले, "मोजू दे मला, किती पायऱ्या आहेत ते." त्यांना दम लागायचा, तोंड लाल व्हायचं, पण बादली त्यांनी कुणाला धरू दिली नाही. आई वरून बघायची आणि तिला तेही सहन व्हायचं नाही. अशी दोघं एकमेकांना शिक्षा देत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण स्वतःलाच देतो आहोत.

आई अंगणात बसून भरत होती. रेघेची जुनी बाटली सापडली नाही, बाबांनी नवी करून दिली होती. मी मेण ओतत होते, पुन्हा बोटांना सालं. पेटी भरली. बाबांनी ती बांधायला दोरी घेतली.

"तपासा," आई म्हणाली.

"काही गरज नाही."

"तपासा म्हणते ना."

त्यांनी वरची एक उचलली.

"ती नाही. तळाची."

बाबा खाली वाकले. वरच्या ओळी एकेक करून बाहेर काढल्या, तळातली एक बाटली घेतली आणि पिंपात सोडली. ती डुबकी मारून वर आली आणि सरळ उभी राहिली. पाण्यावर नुसती मान.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"दुसरी."

दुसरीही बरोबर होती. "तिसरी," आई म्हणाली. अंधार पडेपर्यंत तिने त्यांच्याकडून सगळी पेटी तपासून घेतली, आणि त्यांनीही मुकाट्याने तपासली. शेवटची बाटली पुसताना बाबा म्हणाले, "मी तेव्हा अशी तपासली असती, तर तुला लपवावं लागलं नसतं. सांगितलं असतंस." आई म्हणाली, "नसतं सांगितलं. दुसरं काहीतरी केलं असतं." मग दोघंही जरा हसली. त्या महिन्यातलं ते पहिलं हसू.

पूर्वी बाबांना बाटल्या सोडायला नेणाऱ्या म्हाताऱ्या बोटवाल्याने पेट्या समुद्रात नेल्या. बाबा बरोबर गेले. दक्षिणेचा वारा छान लागला होता.

त्यानंतर आई रोज सकाळपासून खालच्या किनाऱ्यावर, त्याच उलथ्या होडीवर बसू लागली. मला वाटायचं, तिला पुरावा हवा आहे. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुला खरं सांगू? मला वाटतं, एकही येऊ नये. सगळ्या जाऊ देत टोकाच्या पलीकडे. म्हणजे पाणी खरंच सरळ जातं, माझ्या वाळूने काही झालं नाही, असं होईल." मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "शी. पोरांचे कान वाहतायत आणि मी बघ काय मागते आहे."

बाटल्या आल्या. भरतीबरोबर, एकेक, दोन-दोन, मग डझनाने. पोरं त्या उचलून नाचत दवाखान्यात आणायची. आमचं कपाट भरलं. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक कार्डावर जागा लिहिली आणि सगळा गठ्ठा इंजिनियरांच्या टेबलावर आपटला. पुढे नळी टोकाच्या पलीकडे, पुष्कळ आत नेऊन घातली. त्याला वेळ लागला, पण घातली. कान वाहायचे कमी झाले. जे गेले होते ते परत आले नाहीत.

पण मला आठवते ती पहिली बाटली. मी आईजवळच होते. ती जाळेवाली पाण्यातून येत होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, मागे तिची मुलगी. जाळेवालीच्या हातात तपकिरी बाटली होती, बुचावर माझं मेण. मुलगी मागे रेंगाळली म्हणून तिने हाक मारली, आणि मग मुलीला ऐकू येत नाही हे आठवून परत जाऊन हात धरून आणलं.

"सभेत बोलले ते तुमचेच ना?" तिने आईला विचारलं. "चूक केली म्हणून सांगितलं ते? असं चारचौघांत कोण सांगतं हो."

आई होडीवरून उठली. बाटली हातात घेतली, उन्हात धरली. आतली वाळू दिसत नव्हती, पण हाताला वजन लागत होतं.

"चूक त्यांची नव्हती," आई म्हणाली. "वाळू मी भरत होते. कमी भरली ती मी."

जाळेवाली तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता बोलेल, वाट्टेल ते बोलेल, आणि आई त्यासाठीच मान वर करून उभी होती. पण जाळेवालीने नुसता मुलीचा हात घट्ट धरला, आणि घराकडे चालू लागली. मुलगी मात्र मागे वळून बाटलीकडे बघत होती. तिला ती हवी होती. आई तिच्या मागे चार पावलं गेली, आणि मग कुठल्या तोंडाने हाक मारू असं वाटल्यासारखी थांबली. हाक मारली असती तरी मुलीला ऐकू आली नसती.